पप्पांचं शेवटचं गाणं सिनेमाचं होतं. ती प्रार्थना होती का?

नगरची_लेक
सलाम मंडळी. हा धागा काढू की नको असं बरेच महिने चाललं होतं, आज काढतेच.

माझे पप्पा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या देवळात जवळजवळ चाळीस वर्षं पेटी वाजवायचे. उपासना संगीताचं पुस्तक त्यांना समोर ठेवावं लागायचं नाही, नुसता आकडा सांगितला की बोटं चालू. मागच्या वर्षी आजारपणात शेवटचे अडीच महिने अंथरुणावर होते. रोज दिवेलागणीला म्हणायचे, "लाव गं ते." ते म्हणजे 'आनंद' सिनेमातलं 'कहीं दूर जब दिन ढल जाए'. एकदा ऐकायचे, डोळे मिटून, मग चहा.

एका संध्याकाळी मंडळीतले एक वडीलधारे प्रार्थनेला आले होते, गाणं चालू होतं, ते अगदी मायेनेच म्हणाले, "बाई, आता तरी भक्तीची गीतं लावा, वेळ कोणती आहे." मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी फोन बंद केला. पप्पा काहीच बोलले नाहीत, फक्त तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर त्यांनी ते गाणं मागितलं नाही आणि मीही लावलं नाही, आठ दिवसांनी ते गेले.

पुढच्या महिन्यात वर्षाची प्रार्थना आहे, घरीच. भाऊ म्हणतो हे गाणं म्हणायचंच. मी अडकलेय. त्या गाण्यात ना देवाचं नाव ना येशूचं. मग पप्पा रोज संध्याकाळी काय करत होते? नुसतं गाणं ऐकत होते की दुसरं काही? आपण ख्रिस्ती लोकांनी अशा गाण्यांत देवाला शोधावं का, शोधलं तर तो सापडतो का आपणच तिथे ठेवतो? मोकळेपणी लिहा, विरोधात असलात तरी.

सांजवात
ताई, वाचून गलबलून आलं. बाकी नंतर लिहिते.

वसईचा_वारा
जय ख्रिस्त ताई. आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे हा वाद जरा वेगळा होतो. लग्नात घरापासून चर्चच्या फाटकापर्यंत बँड सिनेमाची गाणी वाजवत येतो, लोक नाचतात, आणि फाटकात आला की बँड गप्प. आत गेलं की गायकवृंद. माझ्या चुलत बहिणीला तिचं आवडतं हिंदी गाणं मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत हवं होतं, फादरांनी नाही म्हटलं, ती रडली. मला तेव्हा राग आला होता, आता नाही येत. आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेला आणि देशी संगीताला दार उघडलं हे खरं, पण १९६७ च्या संगीताविषयीच्या सूचनेत हेही आहे की जी वाद्यं लोकांच्या मनात फक्त ऐहिक संगीताचीच समजली जातात ती उपासनेत आणू नयेत. म्हणजे वाद्य वाईट असं नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काय जागं होतं ते बघायचं.

पण तुमचा प्रश्न मिस्साचा नाहीच. तो दिवेलागणीचा आहे, घरातला. तिथे फाटक कुठे असतं?

यार्देनकाठी
प्रभूमध्ये सलाम. विरोधात लिहा म्हणालात म्हणून लिहितो, मन दुखवायचा हेतू नाही.

मी २००४ मध्ये विश्वासात आलो. त्याआधी ऑर्केस्ट्रात गायचो, मुकेश हीच माझी खासियत. रात्री दोनला कार्यक्रम संपला की दारू आणि दारूबरोबर परत तीच गाणी, बायको पोरं घेऊन माहेरी गेली होती. तारण झालं त्या आठवड्यात मी दोन खोकी भरून कॅसेटी देऊन टाकल्या. आजही रिक्षात मुकेश लागला की घशाला कोरड पडते, खोटं बोलत नाही. त्यामुळे कुणी "संगीत ते संगीत, सगळं देवाचंच" म्हणालं की मी गप्प बसू शकत नाही. वचन म्हणतं जगावर प्रीती करू नका (१ योहान २:१५). आणि इफिस ५:१९ मध्ये स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक प्रबंध म्हटलंय, सिनेमाची गाणी नाही म्हटलेलं.

तुमच्या पप्पांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांचा न्याय मी करणारा कोण. पण प्रार्थना आणि हळवेपणा यात फरक आहे ताई. चांगलं गाणं ऐकून डोळ्यात पाणी आलं म्हणजे आत्म्याने स्पर्श केला असं होत नाही, ते पाणी मला बारमध्येही यायचं.

पायपेटी
यार्देनकाठी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. शेवटचं वाक्य फार खरं आहे. संत ऑगस्टीनलाही हीच भीती होती, 'कबुलीजबाब'च्या दहाव्या भागात तो लिहितो की गाण्यातल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मी जास्त हललो तर ते माझ्याकडून पाप घडलं असं मला वाटतं. आणि तो चर्चमधल्या स्तोत्रांबद्दल बोलतोय, सिनेमाबद्दल नाही! म्हणजे हळवेपणाचा धोका भक्तिगीतातही तितकाच.

मी हार्मोनियम आणि जुने पायाने भाता मारायचे ऑर्गन दुरुस्त करतो, पुण्यात. एकाच आठवड्यात माझ्याकडे एक ऑर्गन मिशनच्या देवळातून आला होता आणि दुसरा नाटक मंडळीच्या वारसांकडून. आतून सारखेच, तेच पितळी सूर, तशीच भात्याची कातडी. एकावर भक्तिगीतं वाजली असतील, दुसऱ्यावर नाट्यपदं. वाद्याला माहीत नसतं.

आता चालींचं. गुड फ्रायडेला काट्यांचा मुकुट घातलेल्या मस्तकावरचं जे गीत जगभर म्हणतात, त्याची चाल हान्स लिओ हास्लर नावाच्या जर्मन संगीतकाराने १६०१ मध्ये छापली ती चक्क प्रेमगीत म्हणून, एका मुलीमुळे माझं चित्त भांबावलंय असं. पुढे पॉल गेरहार्टचे शब्द त्या चालीला बसले आणि बाखने मत्तयकृत दुःखसहनाच्या संगीतात ती परत परत वापरली. आज ती चाल ऐकून कुणाला मुलगी आठवत नाही.

बोरिवली_फास्ट
जर्मन धर्मसुधारक लूथरनेही गुत्त्यातल्या चाली उचलल्या होत्या म्हणतात ना?

पायपेटी
ते सगळीकडे सांगतात पण तसं नाही. जर्मन गीतांच्या एका रचनेला 'बार' म्हणतात, दोन भाग एका चालीचे आणि तिसरा वेगळा, त्या शब्दावरून लोकांनी दारूचा बार काढला. खरी गोष्ट जास्त गमतीची आहे. लूथरचं नाताळचं एक गीत १५३५ मध्ये लोकांत चालणाऱ्या कोड्याच्या गाण्याच्या धर्तीवर आलं, आणि १५३९ मध्ये त्याला वेगळी, नवी चाल दिली गेली. म्हणजे एकाच गीताच्या बाबतीत घेतलंही आणि सोडलंही. यार्देनकाठी आणि मी दोघंही तिथे बसतो.

अभंगवेडी
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातली आहे, लिहिलं तर चालेल ना? मला या धाग्यात एक गोष्ट ओळखीची वाटली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हटलंय ना? १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला पण अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही, उलट तुमच्या देवळांत ते आणलं. त्याच्याही आधी फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये छापलं. ओवी कुणाची होती? जात्यावरची, ज्ञानोबांची. तिच्यात येशूचा जन्म सांगताना ती परकी झाली नाही. मग मुकेशचं गाणं परकं का?

यार्देनकाठी
अभंगवेडी ताई, लिहिलंत ते छान. पण टिळकांनी अभंगाचा साचा घेतला आणि आत प्रभूचं नाव स्वच्छ लिहिलं. स्टीफन्सनीही तेच. हास्लरच्या चालीचेही शब्द बदलले. इथे शब्द आहेत तेच आहेत. प्रश्न त्याचा आहे.

अभंगवेडी
हो, हे मान्य. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

पायपेटी
शब्द न बदलता घेतल्याचं उदाहरण बायबलमध्येच आहे की. प्रेषितांची कृत्ये १७, पौल अथेनैमध्ये अरीयपगाच्या मध्यभागी उभा आहे आणि म्हणतो, तुमच्याच काही कवींनी म्हटलंय की 'आपण वास्तविक त्याचा वंश आहोत'. ती ओळ अरातस नावाच्या ग्रीक कवीची आहे आणि मूळ कवितेत 'त्याचा' म्हणजे झ्यूस या ग्रीक देवाचा! पौलाने ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली.

यार्देनकाठी
आणि तिथे थांबला नाही. पुढच्या दोन-तीन वचनांत पश्चात्ताप, न्याय आणि मेलेल्यातून उठणं सांगितलं, त्यावर लोक हसले. कवितेवर थांबला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. माझं एवढंच म्हणणं आहे काका, गाणं दारापर्यंत नेत असेल तर न्यावं, पण दारातच बसून राहू नये.

वसईचा_वारा
हे फार आवडलं. लिहून ठेवतोय.

मडगाव_मेल
थोडं विषयांतर. तुम्ही सगळे सिनेमाची गाणी म्हणजे 'बाहेरची' धरून चाललाय, पण ती वाजवली कुणी? चाळीस ते सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन, ट्रंपेट, चेलोवर आमचे गोंयकार किती! गावागावातल्या चर्चच्या शाळेत पाद्री मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सरगम शिकवायचे, मिस्साला गायचं आणि फेस्ताला वाजवायचं म्हणून. तीच मुलं मुंबईला गेली आणि स्टुडिओत बसली. सेबास्तियन डिसोझांनी शंकर जयकिशनची कितीतरी गाणी सजवली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचं नाव प्यारेलालनी आपल्या गुरूची आठवण म्हणून १९७७ च्या त्या प्रसिद्ध गाण्यात ठेवलं, त्यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर सिंफनी वाजवली होती, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. माझे आजोबा पण व्हायोलिनवाले, नाव कुठे छापलं गेलं नाही. रेकॉर्डिंगला जाताना पेटी उघडायच्या आधी क्रूसाची खूण करायचे. आता ते गाणं सेक्युलर की काय ते तुम्हीच ठरवा.

टोरंटोचा_थॉमस
मडगाव मेल, काय लिहिलंत! आजोबांना नमस्कार.

माझा अनुभव उलटा आहे. इथे आमच्या भागातल्या एका नाताळच्या कार्यक्रमात लेनर्ड कोहेनचं १९८४ चं 'हल्लेलुया' गायलं, सगळे भारावून वगैरे. का घेतलं तर त्यात हल्लेलुया शब्द आहे म्हणून. आता त्या गाण्यात दावीद गच्चीवरून आंघोळ करणाऱ्या बाईला बघतो आणि केस कापून घेणारा शमशोन पण आहे. मोडलेल्या माणसाचं गाणं आहे ते. मी गाडीत एकटा असलो की ऐकतो आणि मला ५१ वं स्तोत्र आठवतं, दावीद त्याच बाईच्या प्रकरणानंतर रडून म्हणतो ते. पण बाळ येशूच्या गोठ्यासमोर मेणबत्त्या धरून? शब्द कुणी ऐकलेच नव्हते.

म्हणून मला वाटतं धोका सेक्युलर गाण्यात नाही, ते न ऐकण्यात आहे. नगरच्या ताई, तुमचे पप्पा डोळे मिटून ऐकत होते.

रविवारची_शाळा
मी संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांना घेते. मागच्या वर्षी त्यांना सांगितलं, फोनमधलं एक गाणं आणा, कुठलंही, पण ते का ऐकता ते सांगता आलं पाहिजे. थोडी भीती होतीच. तेरा वर्षांच्या एका मुलाने हिंदी रॅप आणलं, त्यात शिव्या होत्या, त्या त्याने स्वतःच म्यूट करून आणल्या होत्या. म्हणाला, "टीचर, हा देवाला ओरडून विचारतो तू कुठे होतास म्हणून. असं विचारलेलं चालतं का?" मी त्याला ८८ वं स्तोत्र काढून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ते स्तोत्र शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारावरच संपतं. त्याने तिथेच बसून पूर्ण वाचलं आणि म्हणाला हे बायबलमध्ये आहे हे कुणी सांगितलं का नाही. त्याचे वडील लॉकडाउनमध्ये गेले होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या गीतांच्या पुस्तकात आनंद आहे, समर्पण आहे, पण असं भांडण फार कमी आहे. मुलं ते बाहेर शोधतात.

सांजवात
@रविवारची_शाळा 🙏 टीचर, असा तास प्रत्येक मंडळीत हवा.

यार्देनकाठी
टीचर, हे चांगलं केलंत. त्या मुलासाठी प्रार्थना करतो.

बोरिवली_फास्ट
शास्त्रात नुसतं संगीत पण आहे. शौलाला दुष्ट आत्मा छळायचा तेव्हा दावीद वीणा वाजवायचा आणि त्याला आराम पडायचा, १ शमुवेल १६. तिथे शब्द दिलेले नाहीत.

वसईचा_वारा
आणि बायबलमधल्या गीतरत्नात देवाचं नाव जवळजवळ नाहीच. प्रेमाचं काव्य म्हणूनच वाचलं तर ते सिनेमाच्या गाण्याहून किती लांब आहे? असो, एस्तेरमध्येही देव हा शब्द नाही.

पण मला आज दुसरंच सुचलं आणि गाडी बाजूला घेऊन लिहितोय. 'दिन ढल जाए' म्हणजे दिवस उतरला की. लूक २४:२९. अम्माऊसच्या वाटेवर येशूचे दोन शिष्य अनोळखी सोबत्याला आग्रह करतात, आमच्याबरोबर राहा, कारण संध्याकाळ होत आली आहे आणि दिवस उतरला आहे. ताई, तुमच्या पप्पांना हे वचन आवडायचं का?

पायपेटी
अहो वसईकर! त्याच वचनावर 'अबाइड विथ मी' आहे. हेन्री लाइट यांचं, ते १८४७ मध्ये क्षयाने गेले, आज म्हणतो ती मंकची चाल १८६१ ची. गांधीजींना प्रिय म्हणून वर्षानुवर्षं बीटिंग रिट्रीटला वाजायचं, २०२२ पासून वगळलं. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या एफए कपच्या फायनलला १९२७ पासून अख्खं स्टेडियम म्हणतं. म्हणजे भक्तिगीतही फाटकाबाहेर गेलेलं आहे.

नगरच्या ताई, पप्पा ते वाजवायचे का?

नगरची_लेक
दोन दिवस उत्तर देऊ शकले नाही. तुमच्या दोघांच्या पोस्ट भावाला फोनवर वाचून दाखवल्या, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तुला माहीत नाही का? ते गीत पप्पा फक्त मातीला वाजवायचे."

मला खरंच माहीत नव्हतं, मी लग्न होऊन लवकर पुण्याला आले. भाऊ त्यांच्याबरोबर पेटी उचलायला जायचा. कुणाचंही दफन असलं की कबरस्तानात किंवा घरच्या अंगणात लोक 'अबाइड विथ मी' मागायचे, चाळीस वर्षांत किती झाली असतील. आमच्या आजीला, त्यांच्या स्वतःच्या भावाला, आणि आमची एक बहीण लहानपणी गेली तिलाही त्यांनीच वाजवलं, दुसरं वाजवणारं कुणी नव्हतं. भाऊ म्हणाला तेव्हापासून ते गीत त्यांनी घरात कधी वाजवलं नाही. एकदा त्याने शिकवा म्हटलं तर म्हणाले, "घरात नको रे, घरात मुकेश बरा. संध्याकाळ तीच आहे."

संध्याकाळ तीच आहे असं म्हणाले होते.

तेव्हापासून डोक्यात एकच फिरतंय. मी भक्तीचंच गाणं बंद केलं होतं. दुसऱ्या कुणाच्या पद्धतीसाठी.

सांजवात
ताई 😢

टोरंटोचा_थॉमस
ऑफिसमध्ये वाचलं. बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

मडगाव_मेल
वाजवणाऱ्या माणसाचं हे दुःख कुणाला दिसत नाही. सगळे रडतात तेव्हा त्याला रडता येत नाही, सूर चुकेल ना. त्यांनी आपल्यासाठी एक दुसरं गाणं ठेवलं होतं.

अभंगवेडी
आणि त्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं ते रागाने असेल असं का धरताय? शास्त्रात असं कुणी केलंय का हो?

रविवारची_शाळा
आहे. हिज्कीया राजा. आजारात मरणाला टेकला होता, त्याने आपलं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि परमेश्वराची प्रार्थना केली. २ राजे २०:२.

नगरची_लेक
टीचर, हे वचन मी शंभर वेळा वाचलंय. कधी जोडलं नाही. थँक्यू. याहून जास्त आज लिहवत नाही.

यार्देनकाठी
ताई, मी माझं मत बदललं असं लिहिणार नाही, कारण माझ्यासाठी ते गाणं अजून त्या बारमध्येच आहे. १ करिंथ ८ मध्ये पौल मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल बोलतो ना, एकाला ते नुसतं अन्न आणि दुसऱ्याची विवेकबुद्धी त्याने ठेचाळते. मी तो दुसरा आहे. पण पहिला माणूस खोटा नसतो हेही तिथेच लिहिलंय, आणि ते मी इतकी वर्षं नीट वाचलं नव्हतं.

वर्षाच्या प्रार्थनेला गाणं म्हणा. एक विनंती, त्याआधी लूक २४ वाचा आणि २९ व्या वचनावर सोडू नका, ३५ पर्यंत वाचा. भाकर मोडल्यावर त्यांचे डोळे उघडतात तिथपर्यंत. तारीख आणि वेळ कळवा, मी इथे घरी गुडघ्यावर असेन त्या वेळी.

नगरची_लेक
यार्देनकाठी दादा, ३५ पर्यंत वाचू. नक्की. शनिवार पंधरा तारीख, संध्याकाळी साडेसहा. त्या दिवशी प्रार्थनेला आले होते त्या वडीलधाऱ्यांनाही मी स्वतः जाऊन बोलावलंय आणि कुठलं गाणं होणार ते आधीच सांगितलंय. येतो म्हणाले. मग विचारलं, "पेटी कोण वाजवणार?"

तोच प्रश्न आहे. भाऊ वाजवेल म्हणतो पण पप्पांची पेटी वर्षभर उघडलीच नाही, काल उघडली तर मधल्या सप्तकातला एक सूर दाबला की वर येत नाही आणि भात्यातून हवा जाते. पायपेटी काका, फोनवर सांगून काही होण्यासारखं आहे का?

पायपेटी
फोनवर नको, पट्टी तुटेल. मी गुरुवारी येतो, पुण्याहून दोन-अडीच तास. कातडी आणि स्प्रिंगा घेऊन येईन. भात्याला तोवर कुणी चिकटपट्टी लावू नका, मग ती काढताना जास्त फाटतं. पप्पा कुठल्या पट्टीत गायचे?

नगरची_लेक
काळी एक. भाऊ म्हणतो आजारपणात पांढरी एकवर आले होते.

पायपेटी
मग दोन्ही सूर नीट लावून देतो.